तीन पेपरात एकच बातमी, स्वल्पविरामासकट. मग मालक पण एकच का?

येरळाकाठ
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबडा आहे, सांभाळून घ्या. आमचं गाव कडेगाव तालुक्यात, घरी पेपर येतो तो वडलांच्या आग्रहापायी, मी आपला मोबाईलवाला. गेल्या हंगामात ऊसदरावरून आमच्या इथं पोरांनी ट्रॅक्टर अडवले, दीड-दोन तास रस्ता बंद, पोलीस आले, मग कारखान्याची माणसं आली, बोलणी झाली, ट्रॅक्टर सुटले. मी स्वतः तिथं उभा होतो. दुसऱ्या दिवशी वडील म्हणाले बघ रे काय आलंय, बघतो तर बातमी होती पण कशी, "व्यवस्थापनाने ऊस उत्पादकांशी सकारात्मक चर्चा केली". रस्ता अडवल्याचा एक शब्द नाही. म्हटलं असेल हा पेपर त्यांचाच. मग टपरीवर दुसरा पेपर बघितला, त्यात पण तेच. दाढीला बसलो तिथं तिसरा. तिसऱ्यात पण तेच! आणि तेच म्हणजे शब्दन् शब्द, "यावेळी" नंतरचा स्वल्पविराम सुद्धा जागचा हललेला नाही, आणि एका संचालकाच्या आडनावात जी चूक पहिल्या पेपरात तीच तिन्हीकडं.

तर हे तिन्ही पेपर एकाच मालकाचे आहेत का? आणि नसतील तर कुणाचे आहेत हे माझ्यासारख्याला कळणार कसं? टीव्हीचं पण सांगा, व्हॉट्सअॅपवर जे फिरतंय त्यात अंबानी-अदानी सोडून तिसरं नाव नसतं, त्यात खरं किती आणि खोटं किती. वडील म्हणतात पेपरात छापलंय म्हणजे तसंच झालं असणार. मी तिथं होतो म्हणून सांगितलं तरी पेपरावरच विश्वास राव.

चिडका_बिब्बा
सगळे विकले गेलेत. विषय संपला. पेपर घ्या आणि भेळेला वापरा.

राजवाडा_स्टॉल
बिब्बेराव, भेळेला पण आता चालत नाही, शाई पोटात जाते म्हणून मनाई झालीय.

येरळाकाठ भाऊ, मी साताऱ्यात राजवाड्याजवळ पेपर विकतो, वडलांपासूनचा धंदा. मला माहीत आहे तेवढं सांगतो. सकाळ नानासाहेब परुळेकरांनी १ जानेवारी १९३२ ला पुण्यात काढला, ते १९७३ ला गेले, आणि १९८५ पासून तो पवार कुटुंबाकडं, म्हणजे शरद पवारांचे भाऊ प्रतापराव पवार यांच्याकडं. पुढारी कोल्हापूरच्या जाधवांचा, ग. गो. जाधवांनी काढलेला. लोकमत दर्डांचा, जवाहरलाल दर्डा काँग्रेसचे मंत्री होते, पुढच्या पिढीत विजय दर्डा राज्यसभेत आणि राजेंद्र दर्डा राज्यात मंत्री. लोकसत्ता एक्स्प्रेसचा, रामनाथ गोयंकांनी उभा केलेला ग्रुप तो. मटा टाइम्सचा, म्हणजे जैन कुटुंबाचा. सामना शिवसेनेचा, ते लपवत पण नाहीत, मला तर ते बरं वाटतं, घेणाऱ्याला माहीत असतं आपण काय घेतोय. तरुण भारत बेळगावच्या ठाकूरांचा. केसरी १८८१ पासूनचा, टिळकांचा. शिवाय आमच्या साताऱ्यात ऐक्य, तुमच्या सांगलीत जनप्रवास, अशी आपापल्या जिल्ह्यातली वेगळी.

म्हणजे तिन्ही पेपर एका मालकाचे असायचं कारण नाही. स्टॉलवर एकमेकांना चिकटून पडलेले असतात एवढंच.

आता माझ्या धंद्यातलं एक सांगतो. गिऱ्हाईक जे पैसे देतं त्यातनं माझं कमिशन काढलं, गाडीभाडं काढलं की उरलेल्यात कागद सुद्धा भागत नाही, बातमी तर लांबच. मग चालतं कशावर? पहाटे गठ्ठे उतरवताना मला हाताला कळतं. रोजचा गठ्ठा एका वजनाचा असतो. एखाद्या दिवशी उचलायला दोन माणसं लागली की समजायचं आज कुठल्यातरी साहेबांचा वाढदिवस. पेपर उघडायची गरज नाही.

माजी_वार्ताहर
तिन्हीकडं चूक सेम हे वाचून खूप दिवसांनी हसलो. ती चूक कुणाची ते मी न बघता सांगतो, कारखान्याच्या ऑफिसात प्रेसनोट टाईप करणाऱ्या पोराची.

मी ११ वर्षं एका दैनिकाचा तालुका बातमीदार होतो, पेपरचं नाव विचारू नका, आणि नाव सांगून फरक पण पडत नाही कारण दुसरीकडं काम करणारे मित्र हेच सांगायचे. होतं काय, दुपारी चारच्या सुमारास पत्रकारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर प्रेसनोट पडते, सोबत तीन फोटो, वाक्यं तयार, हेडिंग तयार. बातमीदाराला सहाच्या आत आठ-दहा बातम्या पाठवायच्या असतात, त्यात एक अपघात, एक सप्ताह, एक शाळेचं बक्षीस वितरण. तुमच्या गावाला यायचं तर स्वतःची गाडी, स्वतःचं पेट्रोल, आणि मानधन एवढं की बायकोला आकडा सांगायची लाज वाटायची. मग प्रेसनोट कॉपी, पेस्ट, पाठव. वर डेस्कवरचा माणूस चार तालुके एकटा लावतो, तो काय स्वल्पविराम हलवणार. तीन मालक, तीन छापखाने, लिहिणारा एकच आणि तो कारखान्याच्या पगारावर.

आता ही अर्धीच गोष्ट झाली. अर्धी जाहिरातीची. तालुक्याच्या बातमीदाराचं घर मानधनावर चालत नाही, जाहिरातीच्या कमिशनवर चालतं. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, दिवाळी, पेपरचा वर्धापनदिन, नेत्याचा वाढदिवस, प्रत्येकाला टार्गेट. जाहिरात मागायला जाणारा मीच आणि बातमी लिहिणारा पण मीच. सोमवारी चेअरमनच्या केबिनमध्ये अर्ध्या पानाचा कागद घेऊन बसायचं आणि गुरुवारी त्याच्याच वजनकाट्यावर उसाचे किती किलो मारतात ते लिहायचं, जमवून दाखवा.

मी एकदा लिहिली होती काटामारीची बातमी. चांगली जिल्हा पानावर लागली, लोकांचे फोन आले, मी खूश. पुढच्या महिन्यात वर्धापनदिनाची पुरवणी होती, त्या कारखान्याची ठरलेली जाहिरात आली नाही. तुम्हाला वाटेल मला वरनं झापलं असेल. नाही. कुणी एक शब्द बोललं नाही. फक्त जाहिरातीच्या मीटिंगला सगळ्या तालुक्यांचे आकडे भिंतीवर लावले तेव्हा माझा तालुका तळाला होता आणि सगळे आपापल्या चहाच्या कपात बघत होते. पुढच्या वर्षी काट्याच्या तक्रारी आल्या तेव्हा मी त्या लिहिल्या नाहीत. मला कुणी लिहू नको म्हणालं नव्हतं.

मालकानं मला आयुष्यात हे छाप, ते छापू नको असं सांगितलं नाही. मालकानं मला बघितलंच नव्हतं.

येरळाकाठ
वार्ताहर काका, वाचून वाईट वाटलं आणि जरा राग पण आला, खरं सांगतो. म्हणजे मालक कोण याला काही अर्थच नाही का मग?

वकील_मिरज
अर्थ आहे, घाई करू नका. वार्ताहर साहेबांनी सांगितलं ते तालुक्याचं, तिथं जाहिरातदार मोठा. मुंबई-दिल्लीच्या पातळीवर मालक मोठा. पण आधी तुमचा मूळ प्रश्न, शोधायचं कसं, कारण तो सगळ्यांनी बाजूला ठेवलाय.

पेपरच्या शेवटच्या पानाच्या तळाला मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ असते, मुद्रक-प्रकाशक अमुक यांनी मालक तमुक यांच्यासाठी कुठं छापून कुठं प्रसिद्ध केले. ती कायद्यानं सक्तीची आहे, १८६७ च्या इंग्रजांच्या कायद्यापासून. तिथं मालक म्हणून बहुतेक वेळा कंपनीचं नाव असतं, आणि कंपनीमागं माणूस कोण ते त्या ओळीत कळत नाही. त्यासाठी दुसरी गोष्ट बघायची. १९५६ च्या नियमांनुसार दरवर्षी फेब्रुवारी संपल्यावर जो पहिला अंक निघतो त्यात "नमुना ४, नियम ८ पाहा" अशा मथळ्याचं निवेदन छापावं लागायचं. मुद्रक, प्रकाशक, संपादक, मालक, आणि भांडवलात एक टक्क्यापेक्षा जास्त वाटा असलेल्या सगळ्यांची नावं-पत्ते. ते कुणी वाचत नाही कारण ते टेंडर नोटिसांच्या शेजारी टाकतात. १८६७ चा कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून २०२३ चा नवीन कायदा लागू झालाय, पण जुन्या अंकातलं ते निवेदन काढून बघा, घरबसल्या मिळणारी सगळ्यात स्वस्त माहिती आहे ती. पुढं कंपनीचे संचालक कोण ते केंद्राच्या कंपनी खात्याच्या साईटवर. कंपनी शेअर बाजारात असेल तर दर तीन महिन्याला कुणाकडं किती टक्के ते फुकटात.

आता टीव्ही. एबीपी माझा कोलकात्याच्या आनंदबाजार गटाचा, आधी तो स्टार माझा होता, २०१२ ला नाव बदललं. झी २४ तास सुभाष चंद्रांच्या गटातला, ते स्वतः २०१६ मध्ये हरियाणातून भाजपच्या पाठिंब्यावर राज्यसभेत गेले. साम सकाळवाल्यांचा. टीव्ही नाइनची कंपनी हैदराबादची. न्यूज १८ लोकमत हे लोकमत आणि नेटवर्क १८ यांच्या भागीदारीत निघालेलं, आणि नेटवर्क १८ वर २०१४ पासून रिलायन्सचा ताबा. एनडीटीव्ही मराठी १ मे २०२४ ला आलं, ते अदानींचं. म्हणजे तुमच्या व्हॉट्सअॅपवरचं खोटं नाही, अपुरं आहे. आणि गंमत बघा, मराठी बातम्यांची बरीच चॅनेलं अशी की त्यांच्या मालकाला घरी मराठी बोलावं लागत नाही. हे मी भाषेच्या अभिमानानं म्हणत नाही, त्या मालकाला कडेगावात ट्रॅक्टर अडवले काय आणि सोडले काय, त्याचं काहीच अडत नाही, म्हणून म्हणतोय.

एनडीटीव्हीचा ताबा कसा गेला ते आपल्या भागातल्या माणसाला एका मिनिटात कळेल. चॅनेल काढणाऱ्या रॉय नवरा-बायकोच्या एका कंपनीकडं चॅनेलचे २९ टक्क्याच्या वर शेअर होते. त्या कंपनीनं २००९-१० मध्ये दुसऱ्या एका कंपनीकडून ४०३ कोटी बिनव्याजी घेतले आणि बदल्यात लिहून दिलं की वाटेल तेव्हा आमच्या कंपनीचे जवळजवळ सगळे शेअर तुमच्या नावावर करून घ्या. बिनव्याजी म्हटल्यावरच आपल्या आजोबांनी विचारलं असतं सावकाराचं यात काय. बारा वर्षं कागद तसाच पडून. ऑगस्ट २०२२ मध्ये अदानींनी चॅनेल विकत घेतलं नाही, ती पैसे देणारी कंपनी विकत घेतली, कागद बाहेर काढला, पुढं बाजारातून आणखी शेअर घेतले आणि डिसेंबरपर्यंत वाटा ६४ टक्क्याच्या वर. रान नजरगहाण ठेवायचं, म्हणजे कसायचं आपणच पण कागद सावकाराकडं, सावकार मरतो, त्याचा पोरगा कागद दुसऱ्याला विकतो आणि एक दिवस अनोळखी माणूस बांधावर येऊन उभा राहतो, तसं.

येरळाकाठ
हे नजरगहाणचं आज्जीला वाचून दाखवलं, तिला बरोब्बर कळलं. पण वकील साहेब, सरकार यावर कायदा का करत नाही? एका माणसानं किती चॅनेल, किती पेपर ठेवायचे याला काही लिमिट?

वकील_मिरज
करायचा प्रयत्न झाला होता आणि तो हाणून पाडला तो एका मराठी पेपरनं, आणि बरोबर केलं असं माझं मत आहे.

१९५२ ला सरकारनं पहिला प्रेस आयोग नेमला, अध्यक्ष न्यायमूर्ती राजाध्यक्ष. त्यांनी सुचवलं की मोठे पेपर कमी किमतीत ढीगभर पानं देऊन लहान पेपरांना मारतात, तर किमतीप्रमाणे पानं ठरवून द्या. १९५६ ला तसा कायदा झाला, १९६० ला आदेश निघाला. दिसायला किती छान, लहानांना संरक्षण. सकाळ सुप्रीम कोर्टात गेला. म्हणणं असं की पानं तेवढीच ठेवायची तर किंमत वाढवावी लागेल, किंमत वाढली की खप पडणार, म्हणजे माझं बोलणं पोचणारी माणसं कमी होणार, हे बोलण्याच्या स्वातंत्र्यावरच बंधन आहे. १९६१ मध्ये कोर्टानं सकाळचं ऐकलं आणि कायदा रद्द केला. तेव्हाचा सकाळ म्हणजे काही मोठ्या कारखानदाराचा पेपर नव्हता, परुळेकरांचा होता, म्हणून मला ही केस आवडते. लहानांना वाचवायला म्हणून केलेला कायदा सरकारच्या हातातली कात्री होऊ शकतो हे त्यातनं दिसलं.

पुढं दुसरा प्रेस आयोग, अध्यक्ष न्यायमूर्ती मॅथ्यू, १९८२ चा अहवाल. त्यांनी सांगितलं पेपर आणि इतर उद्योगधंदे यांची फारकत करा. फाईल कपाटात. नंतर ट्राय, तेच मोबाईल आणि केबलवालं, त्यांनी २००९ ला आणि परत ऑगस्ट २०१४ ला शिफारशी दिल्या की राजकीय पक्षांना चॅनेल देऊ नका, एकाच मालकाला पेपर आणि टीव्ही दोन्हीकडं वरचढ होऊ देऊ नका. तो कायदा झालेला नाही. करणार कोण हा प्रश्न आहे. तामिळनाडूत सन टीव्ही मारन कुटुंबाचा, ते करुणानिधींच्या नात्यातले. आंध्रात साक्षी जगन मोहन रेड्डींच्या घरचा. पंजाबात पीटीसी बादलांशी जोडलेलं. महाराष्ट्राचं वर स्टॉलवाल्यांनी सांगितलंच. कायदा करायला जे हात वर व्हायला पाहिजेत त्यातल्या काही हातात रिमोट आहे.

समुद्रावर_मिरजकर
मी जहाजावर असतो, आमच्या क्रूमध्ये निम्मे फिलिपिनो. यावरनं एक सांगतो, आपल्यासारखाच देश आहे तो. मे २०२० मध्ये लॉकडाऊनमुळं आम्ही जहाजावरच अडकलो होतो, तेव्हा आमचा कुक एक दिवस जेवणच नीट करेना. का तर त्यांचं एबीएस-सीबीएन नावाचं सगळ्यात मोठं चॅनेल बंद पडलं, लायसन संपलं आणि जुलैमध्ये त्यांच्या संसदेच्या समितीनं नवीन द्यायला नकार दिला. दुतेर्ते तेव्हा राष्ट्राध्यक्ष, त्यांचं आणि चॅनेलचं उघड वाकडं. त्याच्या गावाकडं वादळाची खबर त्याच चॅनेलवरून कळायची म्हणे.

मी म्हटलं बिचारे मालक. तर दुसरा म्हणाला बिचारे बिचारे काही नाही, लोपेझ घराणं म्हणजे मुळातले साखरेचे जमीनदार, साखरेवरनं विजेत गेले, पेपरात गेले, टीव्हीत गेले, मार्कोस राष्ट्राध्यक्ष असताना घरातला एक भाऊ त्याचा उपराष्ट्राध्यक्ष होता. मग मार्कोसशीच बिनसलं, १९७२ ला मार्शल लॉमध्ये चॅनेल जप्त, ते १९८६ ला मार्कोस पळाल्यावर परत मिळालं. जेवणाच्या टेबलावर अर्धा तास भांडण, एक म्हणतो आमचा आवाज गेला, दुसरा म्हणतो तो आवाज तुझा कधी होता. मी गप वरण-भात खात होतो पण साखर म्हटल्यावर माझे कान टवकारले, आपली सांगली काय नि त्यांचं इलोइलो काय.

राजवाडा_स्टॉल
मिरजकर, भारी सांगितलंत.

"तो आवाज तुझा कधी होता" यावरनं आठवलं. माझ्या स्टॉलपासून हाकेच्या अंतरावर ती शाळा आहे जिथं ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेबांचं नाव घातलं. त्याच बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला मूकनायक काढला, शाहू महाराजांनी २,५०० रुपये दिले होते. तेव्हा केसरीत मूकनायकची जाहिरात द्यायला गेले तर पैसे भरूनही घेतली नाही. म्हणजे बघा, आज जाहिरातीसाठी काहीपण छापतात म्हणून आपण रडतोय, आणि तेव्हा काही लोकांची पैसे देऊन सुद्धा जाहिरात घेत नव्हते. जुनी पत्रकारिता कशी तत्त्वाची होती असं गिऱ्हाईक स्टॉलवर बोलायला लागलं की मी हे सांगतो, मग ते सुट्टे मोजायला लागतं.

माणदेशी_लेक
सगळे पेपर-टीव्हीवर बोलताय, रेडिओ कुणी घेतलाच नाही म्हणून लिहिते. आमच्या घरी म्हसवडला शेतात आजही रेडिओ लागतो. तुम्हाला माहितीये का की खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या देताच येत नाहीत? आकाशवाणीचं बातमीपत्र आहे तसं लावायचं, बाकी गाणी. म्हणजे रेडिओवर बातमी फक्त सरकारची. १९९५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हवेतल्या लहरी जनतेच्या मालकीच्या आहेत, निकाल देणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत आपलेच, तरी हे असं.

२००६ ला नियम बदलून संस्थांना सामुदायिक रेडिओ काढायची परवानगी मिळाली आणि २००८ पासून आमच्या म्हसवडला माणदेशी तरंग सुरू आहे, ९०.४ वर. छोटासा ट्रान्समीटर, आसपासची गावं ऐकतात. मला तो फार जवळचा वाटतो कारण त्यात आमच्या बोलीत बोलतात, माझ्या मावशीनं एकदा ओव्या म्हटल्या होत्या त्यावर, अख्खी गल्ली चुलीपाशी जमून ऐकत होती. शेळ्यांचे आजार, बचत गट, पाऊस, बायकांचे कायदे सगळं असतं. पण नियम त्यांना पण तोच, स्वतःच्या बातम्या आणि राजकारण नाही. दुष्काळ सांगता येतो, टँकर कुणाच्या मळ्यावर रिकामा झाला ते सांगता येत नाही. मालकी गावाची दिली आणि बातमी मात्र काढून घेतली. मला तर वाटतं वकील दादांनी सांगितलेल्या सगळ्या कायद्यांपेक्षा ही एक अट उठवली तर जास्त फरक पडेल.

वकील_मिरज
ताई, याला माझा पूर्ण पाठिंबा. फक्त एक भीती, अट उठल्यावर पहिला अर्ज एखाद्या चेअरमनच्या ट्रस्टचा येईल.

माणदेशी_लेक
येऊ दे की. आम्हाला आवाज ओळखता येतो.

चिडका_बिब्बा
एवढी डोकेफोड कशाला, यूट्यूब बघा. तिथं मालकच नाही. ज्याच्या हातात मोबाईल तो पत्रकार.

माजी_वार्ताहर
बिब्बा भाऊ, यूट्यूब गुगलचं आहे, एवढा मोठा मालक तर आपल्या कुठल्याच पेपरला नाही. आणि तालुक्यात काय झालंय ते बघा, आमच्यातले जे पेपर सोडून गेले त्यातल्या बऱ्याच जणांनी चॅनेल काढलं, हातात स्वतःच्या नावाचा बूम. दोघं-तिघं खरंच चांगलं करतात, टेंभू सिंचन योजनेच्या पाण्याची पाळी कुठं अडली ते पेपरच्या आधी त्यांच्याकडं कळतं. बाकीच्यांना खर्च कोण देतं? तोच चेअरमन, तोच आमदार. पूर्वी त्याला अर्ध्या पानाला जेवढे मोजावे लागायचे तेवढ्यात आता चार चॅनेलं महिनाभर त्याचे लाईव्ह करतात. इलेक्शनला पॅकेज, म्हणजे ठरलेल्या पैशात ठरलेल्या बातम्या.

पॅकेज शब्द काही यूट्यूबचा नाही म्हणा. २००९ च्या विधानसभेला आपल्या राज्यात 'अशोकपर्व' गाजलं होतं, एकमेकांशी स्पर्धा असलेल्या पेपरात तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांचं कौतुक शब्दन् शब्द सारखं छापून आलं. पत्रकार पी. साईनाथांनी ते बाहेर काढलं, प्रेस कौन्सिलनं २०१० ला पेड न्यूजवर अहवाल केला, प्रकरण निवडणूक आयोगात गेलं, आणि २०१४ ला दिल्ली हायकोर्टानं अशोक चव्हाणांच्या बाजूनं निकाल दिला. म्हणजे येरळाकाठ भाऊ, तुम्ही सलूनमध्ये जे बघितलं ते राज्याच्या पातळीवर आधीच होऊन गेलंय.

सरकारी जाहिरातीचं राहिलंच. शासनाच्या यादीवर पेपरांचे अ, ब, क असे वर्ग असतात, त्याप्रमाणे दर. लहान साप्ताहिकाचा जीव त्या यादीत. यादीवरनं नाव गेलं की पेपर गेला, हे संपादकाला रोज कुणी सांगावं लागत नाही.

येरळाकाठ
अपडेट देतो. वकील साहेबांनी सांगितलेलं ते नमुना ४ शोधायला रद्दी उपसली, पण रद्दी दिवाळीतच घातलेली. नाद सोडून दिला होता. परवा आई स्वयंपाकघरातलं फडताळ आवरत होती, डब्याखाली अंथरलेला पेपर काढला तर २०२३ च्या मार्चचा! तेलाचे डाग होते पण वाचता आलं. खरंच आहे हो, टेंडर नोटिसांच्या बाजूला, एवढंसं. मालक म्हणून एक कंपनी, खाली एक टक्क्यावरची नावं, सगळी एकाच आडनावाची आणि शेवटी दोन वेगळ्याच कंपन्या, पत्ता मुंबईचा. आमच्या कारखान्याचा कुणी त्यात नाही. म्हणजे वार्ताहर काकांचंच खरं निघालं, पेपर त्यांचा नाही, फक्त बातमी त्यांची.

वडलांना दाखवलं. चष्मा लावून दोनदा वाचलं. म्हटलं बघा, एवढी वर्षं पेपर घेता, मालक माहीत होता का. तर म्हणाले, एवढ्या बारीक अक्षरात छापलंय म्हणजे खरं असणार.

राजवाडा_स्टॉल
😄😄 वडलांना नमस्कार सांगा. आणि फडताळात परत काय अंथरलंत?

येरळाकाठ
आईनं वाढदिवसाची पुरवणी अंथरली. ती पानं जाड असतात म्हणाली.